यादीतला समुद्र

वैशाखात शिक्रापूरच्या चौकात ट्रक थांबतात ते सिग्नलसाठी नाही, मेंढरांसाठी. कंटेनर, दुधाचे टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, लग्नाला निघालेल्या फुलं लावलेल्या मोटारी, सगळे एका ओळीत उभे राहतात आणि हॉर्न वाजवून वाजवून दमतात. मधून मेंढरं आपल्या चालीनं चाललेली असतात. दिवाळीनंतर कोकणात उतरलेली, आता घाट चढून पुन्हा देशावर निघालेली. पुढं एक म्हातारा, डोक्याला लाल पटका, बंडीच्या खिशात मोबाईल, आणि एक हात वर. मागं घोड्यावर बिऱ्हाड, त्यात पातेली, घोंगडी, जाळीतल्या कोंबड्या.

सकाळच्या पाळीला जायला मी तिथंच कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असते. बाकीच्या पोरी नाकाला ओढणी लावतात. मी मुद्दाम छाती भरून श्वास घेते. ओली लोकर, लेंड्या, धूळ, घोड्याचा घाम. हा माझ्या माहेरचा वास आहे आणि सासरचाही, आणि त्याला नाक मुरडणाऱ्याशी भांडायची माझी कायम तयारी असते. परवा एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "अरे चाचा, हटाओ ना जल्दी!" म्हाताऱ्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटचं कोकरू पलीकडं गेलं, मगच त्याचा हात खाली आला. कंपनीत उशिराची नोंद झाली माझी त्या दिवशी. होऊ दे म्हटलं.

मेंढरं परत यायची आणि लग्नांची वेळ एकच असते. यवतपासून शिरूरपर्यंत कुठल्याही रस्त्यानं जा, दर दोन मैलांवर मांडव दिसतो. उसाच्या फडाशेजारी, पेट्रोलपंपामागं, शाळेच्या मैदानात. अक्षता, घामेजलेले फेटे, वाजंत्र्यांच्या गाडीवरचे भोंगे. या गदारोळात मला दर वर्षी एकच वैशाख आठवतो. नऊ वर्षं झाली त्याला. त्या वैशाखात माझं लग्न झालं आणि त्या वैशाखात मी समुद्र पाहिला. यातलं पहिलं सगळ्यांचंच होतं. दुसरं मी मागून घेतलं होतं.

ते मागणं कसं घडलं, ते आधी सांगायला हवं.

माझं माहेर इनामगावचं, घोड नदीच्या काठचं. आमच्या गावची जमीन उकरली की हजारो वर्षांपूर्वीची खापरं निघतात. मोठमोठी माणसं येऊन ती ब्रशनं झाडत बसायची, असं माझे वडील सांगतात. तेव्हाचे लोक काय पिकवायचे, काय खायचे, कसल्या मडक्यात शिजवायचे, सगळं म्हणे कळलं. त्या बायकांना काय हवं होतं, ते मात्र कोणी उकरून काढलेलं नाही. आमच्या आज्यापर्यंत आम्ही मेंढरं घेऊन हिंडणारे. वडिलांनी नदीकाठी शेत धरलं आणि स्थिर झाले. माझी बारावी झाली, मग शिक्रापूरजवळच्या कंपनीत मी क्वालिटीला लागले. प्लास्टिकचे भाग उजेडात धरायचे आणि खोट शोधायची. स्वभाव आधीच तसा, त्यात पगार मिळायला लागला.

माझी बैठक आमच्या अंगणातल्या लिंबाखाली झाली. बैठक म्हणजे मुलगी पसंत झाल्यावर दोन्हीकडची माणसं बसतात आणि यादी करतात. कोण काय आणणार, कोण काय करणार, मानाचे फेटे कोणाकोणाला, वाजंत्री कोणाची, पहिली पंगत कोणाची. नवऱ्या मुलाचे मोठे चुलते, सगळे त्यांना आप्पा म्हणत, मांडी घालून यादी लिहीत होते. चष्म्याची काडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. आमच्याकडं यादी म्हणजे यादी. दोन प्रती होतात, खाली दोन्हीकडच्या सह्या होतात. पुढं भावाभावांत बोलाचाली बंद होईल, पण यादीतलं मोडलं असं कोणी म्हणवून घेणार नाही.

सगळं लिहून झाल्यावर आप्पांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "मुलीचं काय म्हननं आसंल तर सांगा."

हा प्रश्न हवेला विचारायचा असतो. आजवर त्याला कोणी उत्तर दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. प्रश्न विचारता विचारताच आप्पांनी पेनाला टोपण लावायला घेतलं होतं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"माझं म्हननं हाय," मी म्हटलं. "लगीन झाल्यावर मला एक दिवस समुद्रावर जायचंय. आमी दोघंच."

वडिलांनी मान खाली घातली. माझा चुलता ओरडला, "गप गं! आत जा!" आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "समुद्र? का गं, घोड नदी कमी पडली व्हय तुला?"

सगळं अंगण हसलं. माझे होणारे सासरे तर मांडीवर थाप मारून हसले. "लिव्हा आप्पा, लिव्हा! सगळ्यात शेवटी लिव्हा. समुद्र, एक दिवस!" आणि हसता हसता आप्पांनी ते खरंच लिहिलं. त्याखाली सह्या झाल्या. नवरा मुलगा, यवतचा नवनाथ, तेवढा हसला नाही. त्याचे कान लाल झालेले मला ट्रेमागून दिसले.

समुद्रच का, असं लोक अजून विचारतात. मी तोपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, हे खरं. पण खरं कारण वेगळंच आहे. माझ्या बहिणींनी, मैत्रिणींनी लग्नात जे जे मागितलं ते घराच्या उपयोगाचं होतं. मिक्सर, कपाट, शिलाई मशीन. म्हणजे मागितलं तेसुद्धा कामच. मला अशी एक गोष्ट हवी होती जिचा घराला काहीएक उपयोग नाही. आणि ती मागितल्यावर काय होतं ते पाहायचं होतं. माझा शब्द त्या घरात चालणार की नाही, हे मला उंबरा ओलांडायच्या आधी कळायला हवं होतं.

लग्न झालं. उन्हाच्या काहिलीत, दुपारच्या मुहूर्तावर. हळदीचा तो ओला, कडवट वास अंगात इतका मुरला होता, की पाणी प्यायलं तरी हळदीचं लागायचं. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. मान वाकवून वाकवून दुखायला लागलेली. नवनाथला कंपनीतून मोजकी रजा होती, आणि घरानं त्या रजेचा एकेक दिवस चट्टामट्टा करायला घेतला. एक दिवस पूजेचा. एक दिवस जेजुरीचा. तिथल्या पायऱ्यांवर नवऱ्यानं नवरीला उचलून घ्यायचं असतं, पाच पायऱ्या तरी. नवनाथनं मला उचललं तेव्हा आजूबाजूची माणसं मोजत होती आणि त्याचा श्वास माझ्या कानाशी फुलला होता. वरून भंडारा उधळलेला, सगळा गड पिवळा. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या आरोळ्यांत त्यानं मला हळूच विचारलं, "समुद्राचं कवा?" मला वाटलं, हा माणूस बरा निघणार. मग एक दिवस जागरण-गोंधळाचा. आता उरला एकच दिवस, आणि तो माझा होता.

संध्याकाळी चुलीपुढं बसून आत्यांनी तोही वाटून टाकला. आमच्यात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "उद्या माझ्या माह्यारी जेवाण हाय. भाऊ वाट बघतोय. जोडीनं जायचं."

"उद्या समुद्र आहे, आत्या."

भाकरी थापायची थांबली. घरातले सगळेच थांबले. नवी सून लग्नाच्या चौथ्या दिवशी नाही म्हणते, हे त्या घरानं ऐकलं नव्हतं.

"कसला समुद्र? चौदा वर्सं मेंढरामागं कोकणात गेलीया मी. त्यात बघन्यासारखं काय हाय? नुसतं खारं पानी. मेंढरू बी तोंड लावत न्हाई त्याला."

"मी मेंढरू न्हाई, आत्या."

माझ्या जिभेला हाड नाही, हे सासरी चौथ्या दिवशी कळलं ते बरंच झालं. पुढचं सगळं सोपं गेलं.

आत्यांनी दुसरा खुंटा ठोकला. "हळद वली हाय आजून. वल्या हळदीनं समुद्र वलांडू नये."

"वलांडायचा न्हाईच. नुसता बघायचाय."

मग मी आत गेले, माझी पत्र्याची पेटी उघडली आणि साड्यांच्या तळातून यादीची आमची प्रत काढली. ती मी वडिलांकडून मागून आणली होती. मामांच्या पुढ्यात ठेवली. मामांनी आधी चष्मा शोधला, मग दिवा जवळ घेतला, मग नवरदेवाच्या पोशाखापासून सगळं वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. "लिव्हलंय खरं," ते म्हणाले.

"आवो, ती चेष्टा व्हती!" आत्या म्हणाल्या.

"मंग फेटे बी चेष्टाच व्हते का?" मी विचारलं. "ते तर मोजून घेतले."

मामांनी यादीची घडी घालून माझ्याकडं परत दिली. सही त्यांचीच होती. तेवढ्यात दारातून नवनाथचा आवाज आला. "मी मैतराची गाडी सांगून ठिवलीया. पाचला निघू." माझ्या बाजूनं तो घरात बोललेला तो पहिला शब्द. मी वळून त्याच्याकडं नीट पाहिलं. लग्न ठरल्यापासून मी त्याचा चेहरा असा उघड्या डोळ्यांनी पाहिला नव्हता.

पहाटे आम्ही निघालो तेव्हा आत्या अंगणात उभ्या होत्या. एक फडकं माझ्या हातात कोंबलं. बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "वाटंत खावा. त्या हाटेलात काय गिळाय देत्यात कुनास ठावं." रागावलेल्या बाईनं भाकरी बांधून दिली की तिच्याशी धड भांडताही येत नाही, हा माझा तेव्हापासूनचा अनुभव आहे.

घाट उतरलो तशी हवा बदलली. काचेवर ओल आली. आमच्याकडचं ऊन भाजतं, तिथलं ऊन चिकटतं. समुद्रकाठच्या ज्या रिसॉर्टवर गेलो त्याचं नाव मी सांगणार नाही, गावाचंही नाही. नवनाथनं मोबाईलवर पाहून एका दिवसाचं ठरवलं होतं. नाश्ता, जेवण, पोहायचा तलाव, संध्याकाळचा चहा. फाटकात रखवालदारानं आमचं फडकं अडवलं. बाहेरचं खाणं आत चालत नाही. भाकरी काउंटरवर जमा. काउंटरवरच्या मुलीनं त्या दोन बोटांनी उचलून ठेवल्या आणि माझ्या मनगटाला चुड्याच्या वर एक कागदी पट्टी चिकटवली. पट्टी म्हणजे आम्ही दिवसभराचे पाहुणे. हातात शहाळं दिलं, त्यात कागदाची चिमुकली छत्री खोचलेली. ती छत्री अजून माझ्याकडं आहे. कपाटात, लग्नातल्या चांदीच्या जोडव्यांच्या डबीत.

मला तिथलं सगळं आवडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. नारळाच्या झापांची छपरं, रंगवलेले दगड, लाल मातीत काटकोनात कापलेली हिरवळ. दोन माडांमध्ये एक जाळीची झोळी बांधली होती. नवनाथ त्यात आडवा झाला आणि मोठमोठ्यानं हसायला लागला. "आगं, मी बारका आसताना अशाच झोळीत असायचो. लुगड्याच्या. आय झाडाला बांधायची." आणखी दोन जोडपी होती, एकसारखे शर्ट घातलेली. ती आमच्याकडं पाहायची आणि नजर काढून घ्यायची. माझ्या पायांना अजून हळद होती, नवनाथच्या कपाळालाही. मी पदर घट्ट केला आणि त्यांच्याकडं टक लावून पाहिलं. त्यांनी पाठ फिरवली.

मग तलाव. निळ्या फरशीचा, निळं पाणी, कडेला नियमांची पाटी. नवनाथ काठावर गेला आणि त्यानं तीच चूक केली, जी त्याच्या घराण्यातला कोणीही माणूस त्या जागी उभा राहून करणारच. त्याच्या घरची रीत आहे, नव्या पाण्यात भंडारा वाहिल्याशिवाय पाय टाकायचा नाही. मेंढरं अनोळखी नदीत घालायच्या आधी त्याचा आज्जा, पणजा हेच करायचे. जेजुरीहून आणलेली पिशवी त्याच्या खिशात होती. त्यानं मूठ भरली, "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणाला आणि मूठ तलावात उधळली.

निळ्या पाण्यात ते पिवळं असं पसरत गेलं, की मला क्षणभर फार सुंदर वाटलं. मग कोणीतरी किंचाळलं.

मॅनेजर धावत आला. चांगला शिकलेला, पुण्याकडचा दिसत होता. "अहो, काय केलंत हे! डोकं ठिकाणावर आहे का? ही काय नदी आहे?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं, पण आम्हाला ऐकू जाईल असं, "कुठून कुठून येतात हे लोक."

आणि नवनाथनं हात जोडले. "चुकलं साहेब. म्हाईत नव्हतं साहेब." लग्नातल्या कडक इस्त्रीच्या शर्टात, कपाळावर हळद, दोन्ही हात छातीशी. कंपनीत सुपरवायझरपुढं माणसं उभी राहतात तसा. मी ते रोज पाहत होते. पण माझ्या दिवसात मला ते पाहायचं नव्हतं. समुद्र मागितला होता तो यासाठी नाही.

"हात खाली घ्या," मी म्हटलं.

"आगं, सोड ना. चूक झालीया."

"नवनाथ, हात खाली घे!"

नवऱ्याचं नाव घेऊन त्याला अरे-तुरे केलं, ते मी तिथं पहिल्यांदा, चारचौघांत आणि ओरडून. त्याचे हात खाली आले. मी मॅनेजरकडं वळले. "आम्ही यवतहून आलोय. ती हळद आहे. तुमच्या स्वयंपाकघरात पण असते. विष नाही."

"तुम्हाला इथून बाहेर जावं लागेल."

"जातो. समुद्रच बघायला आलोय, तलाव नाही. पण ही पट्टी दिवसभराची आहे. संध्याकाळच्या चहाला आम्ही परत येणार."

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, बिचाऱ्याला ते सगळं पाणी खरंच बदलावं लागलं असेल. चूक आमची होती, हे मी मान्य करते. पण चूक दाखवणं वेगळं आणि माणसाचं गाव-गोत काढणं वेगळं. मी रोज आठ तास चुका दाखवते. एकाही तुकड्याला, तू कुठून आलास, असं मी आजवर विचारलेलं नाही. खोट असली तर बाजूला ठेवते, एवढंच.

काउंटरवरून भाकरी परत मागून घेतल्या आणि मागच्या फाटकातून आम्ही वाळूत उतरलो. वाळू पोळत होती. नवनाथ पुढं, मी मागं. त्याचा चेहरा पडलेला. मला भीती वाटली, की मी जिंकले आणि दिवस घालवला. चार दिवसांचा नवरा, अजून त्याला चहा गोड लागतो की अगोड तेही मला धड ठाऊक नाही, आणि मी त्याला चारचौघांत ओरडले होते. घरी परत गेल्यावर आत्या विचारणार, बघितलास का समुद्र, आणि मी काय सांगणार?

केवड्याच्या झाडीशी तो थांबला. मागं वळून रिसॉर्टच्या भिंतीकडं पाहत राहिला. "ठावं हाय का तुला, माझा जलम हिकडंच झालाय. आय सांगती, समुद्राचा आवाज यायचा, अशा खाचरात. भात कापल्यालं रान. हिकडची मानसं बोलवून न्यायची आमाला. आमच्या रानात मेंढरं बशिवा म्हनायची, खतासाठी. तांदूळ द्यायची. पोर झालं तवा त्या घरमालकिणीनं आयला पेज करून घातली व्हती."

मी त्या भिंतीकडं पाहिलं. काटकोनात कापलेली ती हिरवळ, ते रंगवलेले दगड. खाली खाचरंच असणार.

"मंग हे गवत कुनाच्या लेंड्यांवर वाढलंय?" मी विचारलं. "आन् पाव्हणा कोन, आपुन का त्यो मॅनेजर?"

तो असा हसला, असा हसला, की खाली वाळूत बसला. हसता हसता म्हणाला, "परत म्हन की."

"काय?"

"हात खाली घे. तसंच म्हन. अरे-तुरेनं."

मी म्हटलं. त्यानं दोन्ही हात वर केले, आणि मग खाली घेतले. एवढा मोठा खेळ आम्ही आयुष्यात पुन्हा खेळलो नाही.

समुद्र कसा होता, हे मला आजही सांगता येत नाही. आमच्याकडं सगळ्याला पलीकडचा काठ असतो. नदीला, धरणाला, कालव्याला, उसाच्या फडालासुद्धा. इथं मी काठ शोधत राहिले आणि तो नव्हताच. मी साडीचा ओचा वर खोचला आणि चुड्यासकट गुडघाभर पाण्यात गेले. पायाखालची वाळू सरकली तशी किंचाळले. नवनाथनं पिशवी काढली, उरलेला भंडारा माझ्या ओंजळीत ओतला आणि आम्ही दोघांनी मिळून तो पाण्यावर उधळला. येळकोट केला, चांगला बेंबीच्या देठापासून. लाट आली आणि सगळं घेऊन गेली. समुद्राचा रंग तसूभरही बदलला नाही, आणि कोणी ओरडतही आलं नाही. माझ्या पायांची हळद मात्र त्या पाण्यानं धुतली. वल्या हळदीनं वलांडू नये, ती तिथंच राहिली.

पाण्यात पाय सोडून आम्ही भाकरी खाल्ल्या. वाऱ्यानं त्यांत थोडी वाळू पडलेली, चटणीला खारट हात. तशी भाकरी मी परत खाल्ली नाही. संध्याकाळी ओल्या साडीनं, वाळू सांडत, आम्ही रिसॉर्टच्या चहाला गेलो. टेबलावर बसून प्यायलो. दोन-दोन कप.

घरी आलो तेव्हा आत्यांनी समुद्राचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "भाकरी खाल्ली का?"

"खाल्ली."

"कुठं?"

"समुद्रात पाय सोडून."

त्या "हं" म्हणाल्या आणि कडी लावायला गेल्या. त्या "हं"चा अर्थ मला सात-आठ वर्षं कळला नव्हता.

तो मागच्या उन्हाळ्यात कळला. आम्ही दोघी यवतच्या घरी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मध्येच, काही विषय नसताना, आत्या म्हणाल्या, "चौदा वर्सं आवाज ऐकला गं मी त्येचा. मेंढरं बसल्याली, भाकरी झाल्याली, समदी झोपल्याली, आन् त्यो आपला वरडतोय. येकदा गेल्ते काठापातूर, पानी आनाय. खारं निघालं, तशीच माघारी फिरले. पाय न्हाई बुडिवला."

"का?"

"कुनी न्हाई म्हनलं न्हाई. मी मागितलंच न्हाई कुनाला. मागायचं आसतं, ह्येच ठावं नव्हतं." हातातली शेंग फुटेना, त्यांनी ती दातानं फोडली. मला रडू आलं, आणि राग आला, आणि तो राग कोणावर काढावा तेच कळेना. मी म्हटलं, "आत्या, चला, मी घेऊन जाते." त्या म्हणाल्या, "गुडघं बघ माझं. आता समुद्रानंच यावं हिकडं."

आणि परवाची गोष्ट. चौकात मेंढरांनी ट्रक अडवले, त्याच आठवड्यातली. नवनाथच्या थोरल्या बहिणीची मुलगी, प्रियांका, तिची बैठक होती, यवतला, तिच्या आजोळी, म्हणजे आमच्याच अंगणात. पोरगी शिक्रापूरला कंपनीत लागलीय, पाळीची नोकरी करते. ताडपत्रीखाली दोन्हीकडची माणसं. यादी लिहायला पुन्हा आप्पाच. आता चांगले थकलेत, चष्मा नवा आहे, अक्षर कापतं. फेटे झाले, वाजंत्री झाली, पंगती झाल्या. मग आप्पांनी त्याच सुरात, पेनाचं टोपण हातात घेऊन विचारलं, "मुलीचं काय म्हननं आसंल तर सांगा."

प्रियांका दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीच केलं नाही. डोळ्यानंसुद्धा खुणावलं नाही. हे दुसऱ्यानं सांगून होत नसतं.

टोपण लागलं. आप्पा कागदाची घडी घालायला लागले.

"थांबा," आत्या म्हणाल्या. बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथून. "पोरगी आजून बोलली न्हाई. आमच्या सूनंनं येक दिस लिव्हून घेतला व्हता. हिचं बी लिव्हा. बोल गं."

अंगणात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, हिला पण समुद्रच पायजे का काय. हसू फुटायच्या बेतात होतं.

"मला समुद्र नको, आज्जी," प्रियांका म्हणाली. तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "मी लगीन झाल्यावर कंपनी सोडनार न्हाई. पाळी कुठलीबी आसू दे. तेवढं लिव्हा."

मुलाच्या वडिलांनी मुलाकडं पाहिलं. मुलानं जमिनीकडं. आणि मग मुलाच्या वडिलांनी, अवघडलेपण घालवायला असेल, हसून आप्पांना हात केला. "लिव्हा हो आप्पा, शेवटी लिव्हून टाका!" सगळं अंगण हसलं. आप्पांनी हसत हसत पेन उघडलं. मला माझं अंगण आठवलं, तो लिंब, ते हसणं, जसंच्या तसं.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. माणसांच्या मधून वाट काढत आप्पांच्या पुढ्यात गेल्या आणि बोट यादीच्या शेवटच्या ओळीखाली ठेवलं.

"हितं लिव्हा. आन् हसू नका. मागल्या बारीला बी हसूनच लिव्हलं व्हतं. तरी पाळाय लागलं."